हेक-रासमध्ये क्रॉस सेक्शन भरताना गेलेले पाच महिने

आठ महिने झाले हेक-रास, म्हणजे नदीच्या पुराची पातळी काढायचं सॉफ्टवेअर, वापरतोय, त्यातले निदान पाच महिने क्रॉस सेक्शन, म्हणजे नदीचे काठापासून काठापर्यंतचे आडवे छेद, भरण्यात आणि भरलेले परत उपसण्यात गेले. यूट्यूबवरच्या व्हिडिओत सगळ्या नद्या शहाण्यासारख्या वाहतात हो, आमची वाहत नाही. काम पंचगंगेच्या खोऱ्यातल्या 11 किलोमीटरच्या तुकड्याचं, मधे एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा (खांबांमधे फळ्या घालून पाणी अडवतात तो), एक पूल, आणि दोन्ही काठांना ऊसच ऊस.

चांगलं आधी सांगून टाकतो. फुकट आहे. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर कोअरचं, 1995 पासून चालत आलेलं, लायसनची कटकट नाही आणि ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर वन-डी मॉडेल (नुसत्या सेक्शनवर चालणारं) चहा ओतेपर्यंत पळून मोकळं होतं. 2016 ला टू-डी पण आलं, त्यामुळे प्रत्येक जण विचारतो की आता सेक्शन कशाला, सरळ मेश, म्हणजे सगळ्या जमिनीवर चौकटींची जाळी, टाक की. अरे पण मेशलाही खाली जमीन लागतेच ना, आणि पाण्याखालचं पात्र सॅटेलाइटला दिसत नाही. फुकट मिळणारा 30 मीटरचा डेम (सॅटेलाइटवरून केलेला जमिनीच्या उंचीचा नकाशा) टाकून बघितला, पात्राच्या जागी सपाट पट्टा, डोह गायब, आणि काठाला उसाचा शेंडा हीच जमीन म्हणून धरलेली. म्हणजे सर्व्हे आलाच.

सेक्शन मारताना पहिली चूक माझीच. पात्राला काटकोनात सरळ रेघा ओढत गेलो, दिसायला एकदम झकास, पण वळणावर दोन रेघा मळीत, म्हणजे काठालगतच्या पूर येणाऱ्या रानात, एकमेकींवरून गेल्या, म्हणजे तीच जमीन दोनदा मोजली. रेघ पाण्याच्या धारेला काटकोनात पाहिजे, आणि पुराचं पाणी मळीत पात्राच्या दिशेनं जात नाही, ते शॉर्टकट मारतं, म्हणून रेघ कोपरासारखी वाकवावी लागते. खालच्या सेक्शनपर्यंतचं अंतरही म्हणूनच तीनदा विचारतात, डावा काठ, पात्र, उजवा काठ. मी तिन्ही खणांत एकच आकडा टाकून ठेवला होता, असो.

दुसरं म्हणजे रेघेची टोकं. सर्व्हेवाल्यांनी काठाच्या पुढं 30-40 मीटर जाऊन स्टाफ (उंची मोजायची पट्टी) गुंडाळला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं, असल्या पुराला 30 मीटर कुठं पुरणार? हे सॉफ्टवेअर काय करतं, तर सेक्शन संपला की टोकाला उभी भिंत धरतं आणि पाणी त्या भिंतीत वर चढवत नेतं. वॉर्निंग देतं, नाही असं नाही, पण तिच्याबरोबर अजून साठ वॉर्निंग असतात आणि रन मात्र पूर्ण होतो. परत जाऊन उंच जमीन लागेपर्यंत रेघा लांबवल्या, काही ठिकाणी पार गावातल्या रस्त्यापर्यंत.

डावं-उजवं हा तर वेगळाच विषय. खालच्या अंगाला तोंड करून उभं राहायचं आणि डावीकडून उजवीकडे आकडे भरायचे, नियम एवढाच. पण सर्व्हेची पोरं जिकडं होडी लागली तिकडून सुरू करायची, त्यामुळे काही सेक्शन आरशात बघितल्यासारखे उलटे आले. सॉफ्टवेअरला त्याचं काही सोयरसुतक नाही, खोल बाजू कुठल्याही काठाला द्या, ते गणित करून देतं. घाटाच्या पायऱ्या उजव्या काठाला आहेत आणि माझ्या आलेखात त्या डावीकडे दिसल्या म्हणून सापडलं, नाहीतर रिपोर्ट गेला असता तसाच.

मॅनिंगच्या एनबद्दल, म्हणजे जमीन पाण्याला किती अडवते त्या खडबडीतपणाच्या आकड्याबद्दल, थोडं जास्त लिहितो कारण इथं सगळे तक्ता उघडून पिकाचा आकडा उचलतात. सर्व्हे फेब्रुवारीत झाला, फोटोत शेतं तुटलेली, मोकळी, मीही 0.035 टाकून बसलो. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ऊस डोक्याच्या वर असतो आणि त्या गच्च फडातून पाणी कसं सरकतं ते काठावरच्या कुणालाही विचारा. आता उभ्या उसाला 0.08 धरतो, पात्राला 0.035. बँक पॉइंट, म्हणजे पात्र कुठं संपतं त्या खुणाही मी आधी फेब्रुवारीच्या पाण्याच्या कडेला लावल्या होत्या, त्या वरच्या काठाच्या धारेवर नेल्या, आणि या दोन बदलांनीच पातळी अर्ध्या मीटरच्या आसपास हलली.

बंधारा मी सुरुवातीला इनलाइन स्ट्रक्चर (पात्रात आडवं बांधकाम) म्हणून पूर्ण बंद भिंत घातली, कारण सर्व्हेच्या दिवशी पाणी अडवलेलं होतं आणि ड्रॉइंगवर तसंच आलं. वरच्या अंगाला अशी फुगी आली की अर्धा तालुका पाण्याखाली. परत साइटवर गेलो तर बंधाऱ्यावर म्हशी धुणारे एक आजोबा म्हणाले, "ओ सायब, पावसाळ्यात बरगे काढत्यात न्हवं." बरगे म्हणजे खांबांमधल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या. झालं, दोन महिन्यांचं कोडं एका वाक्यात सुटलं. आता फक्त खांब आणि त्यांच्यामधली मोकळी दारं घातलीत.

पुलाला चार सेक्शन लागतात, दोन वर दोन खाली, आणि रस्त्याच्या भरावामागं जे पाणी साचतं पण चालत नाही तिथं इनइफेक्टिव्ह एरिया, म्हणजे न वाहणाऱ्या पाण्याची जागा, द्यावा लागतो. पाणी आखडताना आणि पसरताना जी ऊर्जा वाया जाते तिचे, म्हणजे आकुंचन-प्रसरणाचे आकडे साधारणपणे 0.1 आणि 0.3 असतात, पुलाजवळ 0.3 आणि 0.5 हातानं करावे लागतात. हे विसरायला होतं. दोनदा विसरलो.

तक्रारी म्हणाल तर युनिट. आमच्याकडं पातळी फुटात, विसर्ग क्युसेकमध्ये, सर्व्हे मीटरमध्ये. एकदा क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) आकडा क्युमेकच्या (सेकंदाला घनमीटर) खणात गेला, म्हणजे पाणी पस्तीसपट, पूर जवळजवळ जोतिबाला टेकला. शिवाय बंधाऱ्यावरच्या फूटपट्टीचं शून्य वेगळं आणि सर्व्हेचा आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, वेगळा, त्यात डीजीपीएसची (उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्राची) उंची समुद्रसपाटीपासून नसते, ती तशीच वापरली तर आपल्या भागात साठ मीटरपेक्षा जास्त फरक पडतो, त्यामुळे बेंचमार्कला (उंची माहीत असलेल्या सरकारी खुणेला) बांधल्याशिवाय एकही आकडा भरू नका. एका सेक्शनला 500 पॉइंटची मर्यादा आहे, ड्रोनचा डेटा त्यात मावत नाही, जादा पॉइंट गाळायला फिल्टर लावला की कधीकधी नेमका तळाचा पॉइंटच जातो, म्हणून फिल्टरनंतर प्रत्येक सेक्शन डोळ्यांनी बघतो. जिओमेट्रीची, म्हणजे सगळे सेक्शन साठवलेली, फाइल नोटपॅडमध्ये उघडते हे मात्र भारी आहे, फक्त प्रत्येक आकड्याला आठ अक्षरांची जागा ठरलेली, एक स्पेस माझ्या हातून उडाली आणि सगळी ओळ सरकून नदीत मधेच टेकडी उभी राहिली. कॉपी ठेवूनच हात लावा.

वापरणार का पुढं, तर हो, पर्याय म्हणून जी पॅकेजं बघितली त्यांची किंमत ऐकून साहेबांनी विषयच बंद केला. बंधाऱ्याखालचे तीन सेक्शन अजून मला पटत नाहीत, तिथं वाळू उपसलेली आहे आणि तळ दोन वर्षांत खाली गेलाय असं गावकरी सांगतात. होडीवाला नाही मिळाला, एकानं गुऱ्हाळातली काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) देतो म्हटलंय, शनिवारी स्टाफ घेऊन त्यात बसायचंय.