कापडी डायपर आणि नऊवारीचे लंगोट : बेळगावच्या पावसात सहा महिने वापरल्यावर

जूनच्या पहिल्या आठवड्यात वापर सुरू झाला, नोव्हेंबर संपत आला तेव्हा हे लिहिलं. म्हणजे अख्खा पावसाळा त्यात आला, आणि कापडी डायपरची खरी परीक्षा तीच. पुण्या-मुंबईकडचे अनुभव वाचले तर चर्चा प्रिंटची, बटणांची, कुठली कंपनी मऊ याची. बेळगाव-खानापूर पट्ट्यात प्रश्न एकच: वाळणार कधी? जुलैत बाळ असलेल्या घरात दिवसातून चारदा ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'अजून वल्लंच हाय की'. म्हणून किती नग घ्यायचे हे बाळ किती ओले करतं यावर ठरवू नका, वाळायला किती वेळ लागतो त्यावर ठरवा.

हिशेब असा. पहिल्या महिन्यात दिवसाला बारा ते पंधरा लंगोट लागतात. भर पावसात घरात दोरीवर जाड लंगोट दीड-दोन दिवस घेतं. म्हणजे दोन दिवसांचे वाळत, एका दिवसाचे वापरात, मिळून चाळीस-पंचेचाळीस हवेत. हेच बाळ नोव्हेंबरात झालं असतं तर चोवीस-पंचवीसात भागलं असतं.

एवढे विकत घ्यायची गरज नाही. जुन्या सुती नऊवारीतून काठ आणि पदर सोडून बावीस इंची पंचवीसेक चौकोन निघतात. दोन लुगडी काढली की पहिला महिना सुटला. बेळगावातलं शहापूर-वडगाव म्हणजे माग चालवणाऱ्यांचा भाग, त्यामुळे घरोघरी जुनं लुगडं असतंच, पण सुती म्हणून काढलेलं प्रत्येक लुगडं सुती नसतं. कडेचा एक दोरा ओढून काडी लावा. सूत असेल तर कागदासारखा वास येऊन राख होते, पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर टोकाला कडक मणी धरतो. मणी धरणारं कापड पाणी नीट शोषत नाही, लंगोटाला घेऊ नका.

पहिले पाच-सहा आठवडे पॉकेट डायपर, म्हणजे आत खिसा असलेले विकतचे कापडी डायपर, कपाटातच ठेवा. पाकिटावर एकच साईज सगळ्यांना म्हणून लिहिलेलं असलं तरी पावणेतीन-तीन किलोच्या बाळाच्या मांडीला ते ढिलं बसतं आणि बाजूने गळतं. साडेचार-पाच किलो झाल्यावर नीट बसायला लागतं. तोवर नाळही पडलेली असते (साधारण एक-दोन आठवड्यांत पडते). नाळ पडेपर्यंत लंगोटाची कड बेंबीच्या खाली दुमडायची, तिथे कोरडं राहिलं पाहिजे.

लंगोटाचा आणखी एक उपयोग वापरून फेकायच्या पाकिटबंद डायपरला जमत नाही, तो म्हणजे मोजणी. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा शू झाली तर दूध पोटात जातंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत कधी विटकरी-केशरी डाग दिसतो, ते मूत्रातले क्षार असतात. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसला तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पहिली काळी-हिरवी चिकट शी पाण्याने निघता निघत नाही. आधीच बाळाच्या कुल्ल्यांना खोबरेल लावून ठेवलं की कापसाच्या एका बोळ्यात साफ होतं.

आता पॉकेट डायपर. बाहेरचं आवरण पीयूएलचं, म्हणजे पाणी न सोडणारा थर चिकटवलेलं कापड. आतून फ्लीस (मऊ लवदार कापड), मध्ये खिसा आणि खिशात शोषणारी पट्टी, तिला सगळे इन्सर्टच म्हणतात. इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. आवरण पंख्याखाली तीन-चार तासांत वाळतं. मायक्रोफायबरचं इन्सर्ट पावसात आठ-दहा तास घेतं आणि बांबू-कॉटनचं जाड इन्सर्ट दीड दिवसानंतरही मधल्या शिवणीशी गार लागतं. म्हणून तिसऱ्या महिन्यानंतर बारा आवरणांना चोवीस इन्सर्ट असं प्रमाण ठेवा. वाघ-हत्तींची चित्रं बारशाच्या फोटोपुरती छान, पण आईबापांना हौस असते म्हणून वीस आवरणं आणि वीसच इन्सर्ट घेतलेल्या घरात जुलैत वीस कोरडी आवरणं आणि दोरीवर वीस ओली इन्सर्ट असं दृश्य हमखास दिसतं.

नवीन बांबू किंवा सुती इन्सर्ट चार-पाच धुण्यांनंतरच पूर्ण शोषायला लागतं. पहिल्याच दिवशी गळलं म्हणून परत पाठवू नका. दोन इन्सर्ट घालताना मायक्रोफायबर वर आणि बांबू खाली. वरचं झटकन शोषतं, पण दाबलं की सोडतंही, खालचं सावकाश शोषून धरून ठेवतं. उलटं घातलं की रात्री दोन वाजता अंथरूण ओलं. मायक्रोफायबर थेट त्वचेला लावायचं नाही, ते कातडी कोरडी पाडतं. एक इन्सर्ट दिवसा दोन ते अडीच तास, दोन इन्सर्ट रात्री सहा तास, एवढीच अपेक्षा ठेवा. शी झाली की लगेच बदला.

गळतीची कारणं बहुतेक वेळा डायपरमध्ये नसतात. मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या खाचेत बसलं पाहिजे, मांडीवर नाही. फ्लीसची कड बाहेर डोकावत असेल किंवा झबल्याची नाडी आत अडकली असेल, तर तिथून वातीसारखं पाणी बाहेर येतं. पोटाशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

तरीही गळत असेल तर संशय तेलावर घ्या. आपल्याकडे रोज मालीश, अंगभर खोबरेल, आंघोळीनंतर पुन्हा टाळूवर तेल. ते फ्लीसवर उतरतं आणि पाणी शोषलं जाण्याऐवजी अळूच्या पानावरच्या थेंबासारखं घरंगळतं. पाहायचं असेल तर कोरड्या फ्लीसवर चमचाभर पाणी टाका. दहा-पंधरा सेकंद तसंच गोळा राहिलं तर तेल बसलंय. भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब आणि कोमट पाणी, एकदा चोळून फेस जाईपर्यंत खळबळलं की पूर्ववत. रॅशची झिंक असलेली मलमही हाच घोळ करतात. मलम लावलं की मध्ये जुन्या मलमलीचा तुकडा ठेवा.

धुण्याचा क्रम: शी झटकून गार पाण्यात खळबळणे (गरम पाण्याने डाग पक्का होतो), मग पावडर न घालता एक फेरी, मग पावडर घालून चाळीस अंशांपर्यंतच्या पाण्यात मुख्य धुणं, शेवटी दोनदा साध्या पाण्यात. कंफर्टसारखं सुगंधी लिक्विड अजिबात नाही, त्याचा थर बसून शोषण जातं. डेटॉलचाही रोजचा उपचार नको, बाळाची कातडी आणि इलॅस्टिक दोघांनाही ते मानवत नाही. रिठा ऐकायला छान, पण शी-शूच्या कपड्यांना कमी पडतो. बोअरच्या जड पाण्यात इन्सर्ट पापडासारखं कडक होतं, तिथे पावडर किंचित जास्त आणि चमचाभर धुण्याचा सोडा लागतो. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घराने आधी टाकीचा विचार करावा, कारण दिवसाआड बरंच पाणी नुसत्या या धुण्याला जातं.

वाळवण्यात सगळ्यात जास्त कामाला आलं ते सेमी-ऑटोमॅटिक मशीनचं पिळायचं भांडं. ते पूर्ण ऑटोमॅटिकपेक्षा जोरात फिरतं आणि इन्सर्टचे दोन-तीन तास वाचतात. मशीन नसेल तर इन्सर्ट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून गुडघ्याने दाबा. दोरीवर दोन इन्सर्टमध्ये चार बोटं अंतर आणि पंखा बाजूने, वरून नाही. वरचा पंखा फक्त वरची कड वाळवतो. सुती लंगोटावर शेवटी गरम इस्त्री फिरवली की कुबट वास जातो. पीयूएलला इस्त्री आणि उकळतं पाणी वर्ज्य, थर सुटतो.

शेगडीवर बुट्टी (टोपली) पालथी घालून त्यावर लंगोट पसरायची रीत आजही खेड्यांत दिसते. वाळतं भराभर, यात वाद नाही. पण बाळंतिणीच्या बंद खोलीत निखारे ठेवू नका, त्यातला विषारी वायू वासाने कळत नाही. पडवीत, बाळ दुसऱ्या खोलीत असताना आणि फक्त सुती कापड, एवढं पाळलं तर चालतं.

रॅशबद्दल थोडक्यात: ओलं फार वेळ तसंच ठेवू नका, दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास उघडं ठेवा, अंगाला लावायची पावडर टाळा. जांघेच्या घडीत गडद लाल चट्टा आणि भोवती बारीक ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी. ती झिंकने जात नाही, डॉक्टरांचं औषध लागतं.

बेळगाव-पुणे रात्रीच्या प्रवासात आणि लस टोचायच्या दिवशी पाकिटातलं वापरलेलं बरं, त्यात कमीपणा नाही.

सहा महिन्यांनंतरची स्थिती: नऊवारीच्या लंगोटांतले निम्मे विरले, त्यांची पुसणी झाली. आवरणांपैकी दोघांचं मांडीचं इलॅस्टिक सैल पडलं, दोन्ही उन्हात तासन्‌तास टांगून ठेवलेली होती. ऊन डागांना उत्तम, पण इलॅस्टिकला तासभर पुरे. आवरण आडवं टाका, इलॅस्टिक ताणून टांगू नका. वापरलेलं कुणी देत असेल तर दोन गोष्टी बघा: इलॅस्टिक ताणून सोडल्यावर झटकन परत येतं का, आणि आवरण खिडकीसमोर धरल्यावर पीयूएलला बारीक तडे दिसतात का. तडे असतील तर फुकटही घेऊ नका. नुसतं इलॅस्टिक गेलं असेल तर घ्या, गल्लीतला टेलर नवीन घालून देतो.