कॉन्सर्टसाठी इअरप्लग घ्यायचेत? फोमचे, फिल्टरवाले की मापाचे

मोठ्या आवाजातून घरी आलं की कानाला दडे बसलेले असतात, आडवं झालं की आत बारीक शिट्टी वाजत राहते, आणि सकाळी उठून बघतो तर सगळं ठीक, म्हणून आपण ते सोडून देतो. मीही बरीच वर्षं सोडून दिलं. मग एकदा शहाणपणा सुचला आणि प्लग घ्यायला गेलो तर पाकिटावर सगळ्यात मोठा डेसिबलचा आकडा (म्हणजे किती आवाज अडवतो तो) असलेले उचलून आणले, चूक तिथेच झाली.

आधी थोडं कानाबद्दल, नाहीतर पुढचं पटणार नाही. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो, कॉक्लिया, त्यात एका कानाला साधारण १५ ते १६ हजार केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात आणि आयुष्यभराचा कोटा तेवढाच. पक्ष्यांना त्या परत येतात, आपल्याला नाही. मार बसतो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे स, श, ट, क असली व्यंजनं नीट कळतात ना त्या पट्ट्याला, त्यामुळे सुरुवातीला माणूस "ऐकू येतंय पण नीट कळत नाहीये" असंच म्हणत राहतो. आणि सकाळी ठीक वाटलं म्हणजे खरंच ठीक असंही नाही हं, २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाली होती, पण केसपेशी आणि नसेमधले बरेचसे जोड कायमचे गेले होते. माणसात हे किती होतं यावर अजून काम चालू आहे, पण मला तेवढं वाचूनच घाम फुटला.

आता हिशेब. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था दिवसाला ८५ डेसिबल ८ तास अशी मर्यादा धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, असं करत १०० ला आलं की फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी मानक काढलं त्यात सरासरी कमाल १०० डेसिबल आहे, म्हणजे नियम पाळणारं ठिकाणसुद्धा दोन तासांत तुमचा दिवसाचा कोटा आठ वेळा संपवू शकतं.

फोमचे प्लग. स्वस्त, कुठेही मिळतात, नीट बसले तर आवाज सगळ्यात जास्त तेच अडवतात, काहींच्या पाकिटावर ३३ डेसिबल लिहिलेलं असतं. पण तो आकडा प्रयोगशाळेतला, अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याचा ठोकताळा असा की त्यातून ७ वजा करा आणि उरलेलं निम्मं करा, म्हणजे हातात येतात १३. कारण बरेच लोक लावतातच चुकीचे. बारीक वळी करायची, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो बसलेला नाही. बरं, नीट बसला तरी फोम तीव्र स्वर जास्त खातो आणि बेस कमी, त्यामुळे झांजा, व्हायोलिन, गायकाचे शब्द सगळं मेणात बुडवल्यासारखं होतं आणि बेस तेवढा धबधब करत राहतो. मग आवडतं गाणं लागलं की माणूस काय करतो? काढतो.

आणि इथेच सगळी गोम आहे. समजा १०० डेसिबलचा दोन तासांचा कार्यक्रम आहे आणि तुमचा प्लग खरोखर ३० डेसिबल अडवतो. त्यातला निम्मा वेळ तो काढून ठेवला तर एकूण फायदा किती, तर फक्त ३ डेसिबल. बरं निम्मा नाही, फक्त १२ मिनिटं काढला, तरी फायदा १० वरच येतो. म्हणजे १५ डेसिबलवाला साधा प्लग पूर्ण वेळ लावणारा माणूस तुमच्यापेक्षा पुढे. हे गणित मी दोनदा करून बघितलं, पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

म्हणून फिल्टरवाले. यात छोटा फिल्टर बसवलेला असतो आणि चांगल्या प्लगमध्ये तो सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतो, गाणं तसंच राहतं फक्त आवाजाची चावी फिरवल्यासारखी होते. १९८८ मध्ये एटिमोटिक कंपनीचा ईआर-१५ आला तो याच कल्पनेवर, वाजवणाऱ्यांसाठी. हे धुऊन परत वापरता येतात, शेजारच्याचं बोलणं कळतं. तोटे म्हणजे अडवतात कमी, स्पीकरला चिकटून उभं राहणार असाल तर पुरायचे नाहीत, आणि नुसता रबर घेऊन वर "हायफाय" लिहिलेलेही विकले जातात, तेव्हा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला किती अडवतो याचा तक्ता दिलाय का ते बघा, नसेल तर सोडा.

मापाचे म्हणजे ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञाकडे, कानाचा साचा देऊन बनवलेले. ९, १५, २५ डेसिबलचे असे फिल्टर बदलता येतात, खोल बसतात त्यामुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो तो त्रास कमी होतो, गायकांना हा फरक फार मोठा. महाग, थांबावं लागतं, आणि वर्षात दोनदा कार्यक्रमाला जाणाऱ्याला मी सांगणार नाही. आठवड्याला वाजवत असाल, साउंड करत असाल तर मात्र दुसरा विचारच करू नका.

लहान मुलांना इअरमफ, कानाची नळी बारीक असते, प्लग बसत नाही. कापसाचा बोळा नावापुरता. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बऱ्याच जणांना प्लगच्या जागी चालतील असं वाटतं, पण ते मुख्यतः खालच्या स्वरांची घरघर मारतात, कॉन्सर्टसाठी नाहीत. प्रवासात मात्र बेस्ट, कारण बाहेरचा गोंगाट गेला की गाणं हळू आवाजात पुरतं.

मग घ्यायचं काय? कधीतरी जाणारे, आवाज अंगाला लागेल एवढ्या स्पीकरजवळ उभे राहणारे, फोम. गाणं ऐकायलाच जाणारे, फिल्टरवाले, आणि स्पीकरपासून जरा लांब उभे राहा, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल फुकटात जातात. मी स्वतः फिल्टरवाले वापरतो आणि खिशात फोमची एक जोडी असतेच, कारण कोणीतरी सोबतचा हमखास रिकाम्या कानाने आलेला असतो.

आणि लावायचे ते आत शिरायच्या आधी, शांततेत. पहिली दहा मिनिटं सगळं दाबल्यासारखं वाटतं, काढायचा मोह होतो तो तेव्हाच, मग विसरायला होतं की कानात काही आहे.