नाइट की डे?

डे शिफ्टला नुसती धावपळ: राउंड, तपासण्या, डिस्चार्ज, नातेवाइकांचे प्रश्न. पण अडलं तर विचारायला माणूस असतो, म्हणून नवख्या नर्सने आधी दिवसपाळीच घ्यावी. रात्री वॉर्ड शांत, पण हातही कमी. पेशंटचा श्वास बदलला तर तो आधी तुम्हालाच कळायला हवा. पहाटे ३ ते ५ सगळ्यात कठीण. शरीराचं तापमान तळाला जातं, डोळे मिटतात आणि नेमके तेव्हाच सलाइनचे थेंब मोजायचे असतात. मी तर डोस दोनदा पुटपुटून बघते. बऱ्याच ठिकाणी रात्रीचा भत्ता मिळतो खरा, पण दिवसाची झोप तुटकच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलंय. आणि दर आठवड्याला बदलणारी पाळी? त्यापेक्षा कायमची नाइट परवडली.