शाळेसमोर काय मागायचं: स्पीडब्रेकर की उंच झेब्रा?

शाळेपुढच्या रस्त्यासाठी शेजारपाजारचे लोक अर्ज लिहायला बसले की पहिला शब्द सुचतो तो स्पीडब्रेकर. तो एका रात्रीत घालून होतो आणि त्याला फारसं कुणी अडवत नाही. दुसरा पर्याय उंच झेब्रा, म्हणजे फूटपाथच्या पातळीला उचलून घेतलेला, सपाट माथ्याचा रस्ता ओलांडण्याचा पट्टा. त्याला नकाशा लागतो, पाण्याचा विचार करावा लागतो, पाठपुरावाही बराच. दोन्हींसाठी धावपळ करून झाल्यावर माझा कल उंच झेब्र्याकडे आहे. याचं कारण आहे रस्त्याच्या कडेची हातभर जागा.

स्पीडब्रेकरला सरसकट नावं ठेवायची नाहीत. ब्रिटनमधल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने १९७०च्या दशकात तपासलेला गोल माथ्याचा नमुना आजही चांगला चालतो: वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी फूटभर रुंदीचा उभट वरंबा पडतो. असा आखूड वरंबा वेगात ओलांडला तर धक्का बराचसा चाकं आणि स्प्रिंग गिळतात. हळू जाणाऱ्या सायकलवाल्याचे दात वाजतात आणि भरधाव मोटार निघून जाते.

पण खरा त्रास कडेला आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून स्पीडब्रेकर फूटपाथला टेकवत नाहीत, दोन्ही बाजूंना वीतभर ते हातभर फट सोडतात. दुचाकीवाल्याला ती लांबूनच दिसते. तो ब्रेक न लावता कडेला सरकतो आणि फटीतून निघतो. फूटपाथवर गाड्या लागलेल्या असल्या तर मुलं चालतात ती नेमकी तिथूनच. सायकलवरची मुलंही उंचवटा टाळायला तिथेच वळतात. म्हणजे ज्यांच्यासाठी स्पीडब्रेकर मागितला, त्यांच्याच अंगावर तो वाहनं आणून सोडतो. फट बुजवली तर पाणी तुंबतं आणि मुलं डबकं चुकवायला रस्त्याच्या मध्याकडे येतात. फटीत खुंट रोवला तर दुचाकी थांबते, पण मुलाच्या सायकलचं हँडलही त्यात अडकतं. या एका गोष्टीवर मला समाधानकारक उपाय सापडलेला नाही.

उंच झेब्र्याला फट नसते, तो दोन्हीकडच्या फूटपाथला जाऊन मिळतो. पाण्याची सोय मात्र आधी करावी लागते: पाणी ज्या बाजूने वाहत येतं तिकडे, पट्ट्याचा उतार सुरू होण्याआधी, जाळीचं तोंड, किंवा पट्ट्याखालून कडेने जाणारी झाकलेली नाली. झाकण उचलून गाळ काढता आला पाहिजे, नाहीतर पहिल्या दोन पावसांतच ती बुजते. माथा किमान तीन मीटर सपाट हवा. त्या रस्त्यावरून बस जात असेल तर सहाच्या आसपास ठेवलेला बरा, म्हणजे पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी उतारांवर येत नाहीत. १० सेंटिमीटर उंचीला एक मीटर लांबीचा उतार वेगाला चांगला चाप लावतो, दीड मीटरचा सायकलला सुसह्य होतो. फूटपाथ आणि रस्ता एका पातळीत आल्यावर अंध माणसाला कड कळत नाही, म्हणून दोन्ही टोकांना उठावदार ठिपक्यांच्या फरशा हव्यातच. हा मुद्दा अर्जात हमखास सुटतो.

दुसरा फायदा उंचीचा. लहान मूल १० सेंटिमीटर वर उभं राहतं आणि चालकाला थोडं लवकर दिसतं. पट्ट्याआधीचे दहा मीटर पार्किंग बंद केलं तर आणखी लवकर. फूटपाथ दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर पुढे घेतला तर नऊ मीटरचा रस्ता ओलांडायला पाचच मीटर चालावं लागतं, म्हणजे मुलाच्या पावलांनी चार-एक सेकंद वाचतात. मात्र पुढे घेतलेल्या फूटपाथने सायकलींना मोटारींच्या रांगेत ढकलू नये, त्यांना कडेने वाट ठेवायला सांगा.

वेगाचा हिशेब अर्जात घालायचा तर साधा ठेवा. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरची मोटार साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५०च्या वेगाची मोटार तेवढ्या अंतरात ब्रेक लावायलाही सुरुवात करत नाही. आपल्या रस्त्यावरचा वेग मोजायला रडार लागत नाही. खडूने ५० मीटरच्या दोन खुणा करा आणि घड्याळ लावा: ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. कोंडीत अडकलेली वाहनं सोडून १०० वाहनं टिपा, कमी वेगापासून क्रमाने लावा आणि ८५व्या वाहनाचा वेग अर्जात लिहा. रस्त्याचे अभियंते हाच आकडा बघतात, सरासरी नव्हे. मोजणारा झाडाआड किंवा फाटकाआत असावा, कारण वही घेतलेला माणूस दिसला की चालक आपोआप हळू होतात.

शाळा भरताना आणि सुटताना रस्ता वाहनांना बंद ठेवण्याचा तिसरा मार्गही आहे. इटलीतल्या बोल्झानोसारख्या शहरात तो रुजलेला आहे. चाचणी म्हणून उत्तम, पण अडथळे लावायला दिवसातून दोनदा माणसं हवीत, आणि परीक्षा संपल्या की स्वयंसेवक पांगतात.

स्पीडब्रेकर कुठे योग्य? लांब सरळ रस्त्यावर, ओलांडण्याच्या जागांच्या अधेमधे, ६० ते १०० मीटरच्या अंतराने. एकुलता एक असला तर वाहनं तो उतरताच वेग घेतात. हाताशी फक्त महिनाभराचा वेळ असेल आणि शाळा उघडायची असेल, तर तो घ्यावा हेही मला पटतं. मात्र अर्जात ‘तात्पुरता’ हा शब्द आणि उंच झेब्र्याची मागणी दोन्ही असू द्या. नाहीतर ‘दिलंय की’ असं उत्तर येतं आणि फाइल बंद होते.

आणि जे मिळेल त्याची उंची डांबर पडण्याआधी आणि नंतर मोजून ठेवा. रस्त्यावर पाच सेंटिमीटरचा नवा थर चढला की १० सेंटिमीटरचा झेब्रा निम्माच उरतो, म्हणून आधी जुना थर खरवडावा अशी ओळ अर्जात पहिल्याच दिवशी लिहा.