पेनड्राइव्हचा शॉर्टकट व्हायरस: घालवल्याला आठ महिने झाले

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी घरीच टायपिंगची कामं घेते. विद्यापीठातली पोरं प्रबंध घेऊन येतात, आणि सोबतचा पेनड्राइव्ह आधीच चार झेरॉक्सची दुकानं फिरून आलेला असतो. अशाच एका मुलीच्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले. चिन्हाच्या कोपऱ्यात तो छोटा बाण असतो ना, तो माझ्या डोळ्यासमोर होता, पण लक्षात कोण घेतंय! डबल क्लिक केलं, फोल्डर उघडलंही, म्हणून मी निर्धास्त. दुसऱ्या दिवसापासून जो पेनड्राइव्ह लावीन त्याचं तेच.

कॉम्प्युटर दुकानात नेला. ‘वैनी, फॉरमॅट मारून टाकू.’ पाचशे रुपये दिले. घरी येऊन कामासाठी माझाच जुना पेनड्राइव्ह लावला, सवयीनं क्लिक केलं आणि पाचशे रुपये पंचगंगेत.

मग भाच्यानं फोनवरून समजावलं. शॉर्टकट फोल्डर उघडतो, पण त्याआधी गुपचूप एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालवतो. ती कॉम्प्युटरच्या ॲपडेटा फोल्डरात स्वतःची प्रत ठेवते, कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत (स्टार्टअपमध्ये) नाव घालते आणि नव्या पेनड्राइव्हची वाट बघत बसते. म्हणजे नुसता पेनड्राइव्ह साफ करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आधी अपडेट केला, मग ऑफलाइन स्कॅन लावला. यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा उरत नाही. पंधराएक मिनिटं लागली. त्यानंतर मालवेअरबाइट्स या दुसऱ्या अँटीव्हायरसनं स्कॅन. शेवटी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स, कॉम्प्युटरबरोबर आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दाखवणारं; हे फुकट मिळतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा एवढी मोठी यादी बघून घामच फुटला. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्यावर मोजक्याच उरल्या, आणि त्यात एक ओळ स्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ची, पुढं ॲपडेटामधल्या कसल्याशा फाइलचा पत्ता. स्कॅननं फाइल उडवली होती, नोंद तशीच होती. टिक काढली.

त्या मुलीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण पेनड्राइव्हवरच होतं, फक्त लपवलेलं. साधं ‘हिडन आयटम्स’ चालू करून दिसेना, कारण व्हायरसनं त्यावर सिस्टिम फाइल असल्याचाही शिक्का मारलेला. कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत) असे शिक्के काढणाऱ्या ॲट्रिबची एक ओळ दिली आणि सगळं जागेवर.

आठ महिन्यांत पुन्हा त्रास नाही. मालवेअरबाइट्स चौदा दिवस पूर्ण पहारा देतं, नंतर फुकटात फक्त आपण लावू तेव्हाच स्कॅन. रोजच्या राखणीला डिफेंडर आहेच, म्हणून मला पैसे भरावेसे वाटले नाहीत. रविवारी मटण शिजत टाकलं की स्कॅन लावते. महत्त्वाचे पासवर्ड मात्र त्याच आठवड्यात फोनवरून बदलले.

आलेला पेनड्राइव्ह आता राइट क्लिक करून आधी डिफेंडरनं तपासते, मगच उघडते. पोरं कुरकुरतात. ‘मावशी, घाई आहे हो, गाईड वाट बघतायत.’ मी चहा ठेवते.