लांबच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही: एक्स्टेंडर, मेश, जुना राउटर की पॉवरलाइन?

राउटरच्या खोलीत सगळं सुरळीत आणि दोन भिंतींपलीकडे व्हिडिओ कॉल अडकतो, तेव्हा चार पर्याय समोर येतात: एक्स्टेंडर, मेशचा (म्हणजे मिळून एकच वाय-फाय देणाऱ्या अनेक नगांचा) संच, केबलने जोडलेला दुसरा राउटर आणि विजेच्या तारांतून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर. चौघांचाही दावा पोच वाढवण्याचा आहे. पण सिग्नल पुढे नेण्याची रीत प्रत्येकाची वेगळी आहे आणि वेग कुठे गळतो हे त्यावरच ठरतं. आमचं मत आधीच सांगतो: केबल ओढण्याची थोडी जरी सोय असेल तर बाकीचे तीन पर्याय दुय्यम आहेत.

आधी दोष कुठे आहे ते पाहा

लॅपटॉप घेऊन त्रासाच्या खोलीत बसा आणि पिंगच्या, म्हणजे एखाद्या पत्त्याकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या आदेशाच्या, दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरचा पत्ता द्या. वाय-फायच्या तपशिलात ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसतो तोच, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरीत ८.८.८.८ (गूगलचा घराबाहेरचा सर्व्हर) द्या आणि दोन्ही पाच मिनिटं चालू ठेवा.

राउटरचं उत्तर एक-आकडी मिलिसेकंदांत, न डगमगता येतंय आणि ८.८.८.८ मात्र उड्या मारतंय, तर दोष घराबाहेरच्या लाइनमध्ये आहे. अशा वेळी यातलं काहीही विकत घेऊन उपयोग नाही. याला एक अपवाद आहे. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करत असतानाच उत्तरं लांबत असतील, तर राउटरमध्ये रांग तुंबते आहे. क्यूओएस किंवा एसक्यूएम ही रांग आवरणारी सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा.

राउटरचंच उत्तर कधी ५, कधी ३००, मध्येच गायब असं होत असेल तर दोष वाय-फायचा. आता सिग्नल मोजा. अँड्रॉइडवर वाय-फाय विश्लेषक ॲप मिळतात. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा दिसतो. हा आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल जोरकस. −६७ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं एकक) व्हिडिओ कॉल निवांत चालतो, −७५ च्या आसपास अडखळतो आणि −८० ला जोडणी नुसती नावापुरती उरते. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे −६७ आणि −७६ यांत आठपट फरक आहे.

सिग्नल −५५ आहे आणि पिंग तरीही उड्या मारतंय? मग पोच नव्हे, गर्दी नडते आहे. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या बँडांत, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. यांपैकी ज्यावर शेजारचे जोरकस राउटर कमी, तो स्वतः निवडा आणि रुंदी ‘२०/४० ऑटो’वरून २० मेगाहर्ट्झवर आणा. मोकळा दिसतो म्हणून ३ किंवा ४ घेऊ नका. तिथे दोन्ही बाजूंचा गोंगाट ऐकावा लागतो. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ हे चॅनेल स्थिर असतात. ५२ ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि अशा नव्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. ५ गिगाहर्ट्झचं नाव मध्येच मिनिटभर नाहीसं होत असेल तर आधी हे तपासा.

जागा बदलणंही विसरू नका. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर बाहेर काढून दीड-दोन मीटर उंचीवर ठेवा. सळयांचं काँक्रीट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हे सिग्नलचे पक्के शत्रू. अँटेना आपल्या टोकाच्या दिशेने नाही, तर आडव्या बाजूंना सिग्नल फेकते. वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एक अँटेना आडवी करा.

एवढं करूनही आकडा −७५ च्या खालीच राहिला, तर खरेदीचा विचार करायला हरकत नाही.

एक्स्टेंडर आणि मेश: फरक किती खरा?

एक्स्टेंडर राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. एकाच रेडिओवर ही दोन्ही कामं चालली तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. दोन बँडचा एक्स्टेंडर राउटरशी ५ वर आणि तुमच्या फोनशी २.४ वर बोलला तर गळती कमी होते. म्हणून एकाच बँडचा एक्स्टेंडर आम्ही कुणालाच सुचवत नाही.

त्याच्याबाबतची सर्वांत मोठी चूक जागेची. सिग्नल नसलेल्या खोलीतच लोक तो लावतात. मग फोनवर पूर्ण रेषा दिसतात, कारण एक्स्टेंडर हाताशी आहे. पण एक्स्टेंडरलाच राउटरचं नीट ऐकू येत नसतं. त्याची योग्य जागा म्हणजे राउटरचा आकडा −६० ते −६५ असतो ती, बहुतेक घरांत निम्म्या वाटेवर. मधल्या वाटेत सॉकेट नसेल तर एक्स्टेंडरचा नाद सोडलेला बरा.

मेशमध्ये भौतिकशास्त्र तेच आहे, हे जाहिरातीत सहसा येत नाही. दोन बँडच्या मेशचे नग आपसात बिनतारी बोलत असतील तर तिथेही प्रत्येक टप्प्याला वेग घटतो. पैसे वाढतात ते दुसऱ्या गोष्टींसाठी. सगळे नग एकाच ठिकाणाहून चालवता येतात, कोणत्या नगामार्फत जायचं हे संच स्वतः ठरवतो, आणि ८०२.११के, व्ही, आर या सोयींमुळे फोनला ‘पलीकडचा नग जवळचा आहे’ हे सुचवलं जातं. हे फक्त सुचवणं असतं. उडी मारायची की नाही हा निर्णय फोनचाच. तीन बँडच्या मेशमध्ये एक रेडिओ नगांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखून ठेवता येतो, आणि बिनतारी मेशला किंमत वसूल होते ती इथे.

एकाच खोलीत फोनवर वाचन आणि निरोप एवढंच हवं असेल तर दोन बँडचा एक्स्टेंडर पुरतो. तीन-चार खोल्या, वरचा मजला, चालता-फिरता कॉल असं असेल तर मेश घ्या. पण तीन नगांचा संच आहे म्हणून तिन्ही लावलेच पाहिजेत असं नाही. जवळजवळ ठेवलेले नग एकमेकांचीच हवा खातात आणि फोन कोणाशी जुळवायचं यात घुटमळतो. आधी दोन लावा, मोजा, मगच तिसरा.

मेश बसवल्यावर हमखास येणारी अडचण म्हणजे दुहेरी नॅट, म्हणजे घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचं काम दोन राउटरांनी एकामागोमाग करणं. नेट देणाऱ्या कंपनीची पेटी स्वतःच राउटर असते आणि तिच्यामागे मेशचा मुख्य नगही राउटर बनून बसतो. ब्राउझिंग चालतं, पण पेटीला केबलने जोडलेला प्रिंटर दिसत नाही, ऑनलाइन खेळ तक्रार करतात, बाहेरून कॅमेरा उघडत नाही. ओळखायचं असं: मुख्य नगाच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा हेच झालंय. उपाय दोन. पेटी ब्रिज मोडवर टाका म्हणजे ती राउटरचं काम सोडते, किंवा मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका म्हणजे तो फक्त वाय-फाय देतो. दोन्हींपैकी एकच करा. आणि पेटीचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, नाहीतर निम्मी उपकरणं तिलाच धरून राहतील.

केबल आणि जुना राउटर

हा आमच्या पसंतीचा मार्ग. हवेतला एक टप्पा पूर्ण वाचतो, म्हणून लांबच्या खोलीतही वेग जवळपास मुख्य राउटरशेजारी मिळतो तेवढा मिळतो. कपाटात पडलेला राउटर बहुतेकदा चालतो. अट एक: त्यात डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची सुरक्षा आणि तिची एईएस ही कूटपद्धत असायला हवी. फक्त डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या पद्धती असलेला राउटर वापरू नका. तो असुरक्षित आहेच, शिवाय टीकेआयपीवर वेग ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही.

जुळवणीत क्रम महत्त्वाचा आहे. जुना राउटर मुख्य राउटरला अजून जोडू नका. चालू असताना टाचणीने रीसेटचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला (घरातल्या उपकरणांसाठीच्या) लावा आणि त्याचं पान उघडा. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ दिसला तर तो निवडा. मग मुख्य राउटरची केबल बहुधा वॅन पोर्टला लावायची असते. वाय-फायचं नाव-पासवर्ड भरलं की काम संपलं.

तो मोड नसेल तर आधी लॅनचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मुख्य राउटर डीएचसीपीतून (उपकरणांना आपोआप पत्ते देण्याची सोय) ज्या पत्त्यांचं वाटप करतो त्यात हा पत्ता नको. ते वाटप २ पासून सुरू होत असेल तर मुख्य राउटरवर ते २० पासून सुरू करा. सेव्ह केल्यावर पान तुटेल. केबल काढून परत लावा, नव्या पत्त्यावर लॉगिन करा आणि आता डीएचसीपी बंद करा. उलट क्रमाने केलंत, म्हणजे डीएचसीपी आधी बंद केलंत, तर लॅपटॉपला पत्ताच मिळेनासा होतो, १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि पान उघडायला लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागतो.

मग वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा: तिकडे १ तर इकडे ६ किंवा ११. शेवटी मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल याच्याही लॅन पोर्टलाच लावा. वॅन पोर्ट रिकामा राहतो.

इथे बिघडतं ते दोन ठिकाणी. डीएचसीपी चालू राहिलं तर काही उपकरणांना गेटवे म्हणून १९२.१६८.१.२ मिळतो. त्या राउटरला बाहेरची वाट नाही, म्हणून ‘जोडलेलं आहे, इंटरनेट नाही’ असं दिसतं. कुठल्या राउटरने आधी उत्तर दिलं त्यावर सगळं अवलंबून असल्यामुळे हे कधी होतं, कधी नाही, आणि शोधणारा हैराण होतो. दुसरी चूक म्हणजे पत्ता न बदलणं. दोघेही १९२.१६८.१.१ राहिले तर अख्ख्या घराचं नेट अधूनमधून तुटतं.

केबल कॅट५ई पुरते. शंभर मीटरपर्यंत तीत गिगाबिट वेग चालतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची स्वस्त केबल टाळा. ती वाकवल्यावर तुटते आणि टोकांशी दगा देते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच. त्यामुळे एखादी तार नीट क्रिंप झाली नाही (प्लगमध्ये दाबून बसली नाही) तर नेट चालतं, पण वेग ९४-९५ मेगाबिटच्या आसपास अडकतो. हा आकडा दिसला की लॅपटॉप थेट त्या केबलला लावून लिंकचा वेग पाहा. १०० दिसला तर टोक कापून दोन्हीकडे टी५६८बी या एकाच रंगक्रमाने पुन्हा क्रिंप करा. १००० दिसला तर केबल ठीक आहे आणि जुन्या राउटरचे पोर्टच १०० मेगाबिटचे आहेत.

मेशच्या नगांनाही अशीच केबल देता येते, आणि जिथे देता येते तिथे साधा दोन बँडचा मेशही महागड्या तीन बँडच्या बिनतारी मेशच्या पुढे जातो.

पॉवरलाइन

केबल ओढता येत नाही आणि भिंती इतक्या जाड की मेशही हरतो, तेव्हाच याच्याकडे वळा. खोक्यावरचा १००० किंवा २००० हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. घरात त्याचा लहानसा अंशच हाती येतो. दोन्ही अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड किंवा यूपीएस मध्ये आला की त्यातला फिल्टर नेमका हाच सिग्नल खातो. घरात तीन फेज असतील आणि दोन अडॅप्टर वेगवेगळ्या फेजवर पडले तर वेग कोसळतो. पंख्या-पंपांच्या मोटारी आणि निकृष्ट चार्जर गोंगाट करतात, म्हणून दुपारी उत्तम आणि संध्याकाळी रडकुंडीला आणणारं नेट असाही अनुभव येतो. परत करण्याची मुभा असेल तरच घ्या. आधी एकाच खोलीत जोडी जुळवा आणि मग एक अडॅप्टर हलवत मोजा.

भिंतीत टीव्हीची कोॲक्सिअल केबल आधीपासून असेल तर पॉवरलाइनपेक्षा त्या केबलमधून नेट नेणारे मोका अडॅप्टर कितीतरी स्थिर. मात्र त्याच केबलमधून डिशचा सिग्नल येत असेल तर दोघांच्या लहरी एकमेकांवर चढतात. तिथे हा मार्ग बंद.

बसवल्यावरही फोन जुन्यालाच चिकटला तर

नवा नग शेजारी असूनही फोन लांबच्या राउटरवर −७८ ने लटकतो, हे चारही पर्यायांत घडतं. दोन्हींची नावं एक असतील तर आधी फोनचं वाय-फाय बंद-चालू करा. तरीही होत असेल तर मुख्य राउटरची २.४ गिगाहर्ट्झची प्रक्षेपण शक्ती ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा. शक्ती वाढवून पोच वाढत नाही, कारण राउटरचं फोनला ऐकू आलं तरी फोनच्या लहानशा रेडिओचं उत्तर राउटरपर्यंत पोचलं पाहिजे. शक्ती कमी केली की फोनला लांबचा राउटर लवकर नकोसा होतो आणि तो जवळच्याकडे वळतो. बदल केल्यावर त्याच खुर्चीत बसून पिंगच्या त्याच दोन खिडक्या पुन्हा पाच मिनिटं चालवा.

स्मार्ट बल्ब आणि प्लग या बदलांत गळून पडले तर सुरक्षेचा प्रकार पाहा. यांतले बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ जाणतात. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ ठेवा. तेवढ्यानेही जुळले नाहीत तर त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए२ चं वेगळं गेस्ट नेटवर्क काढा.