मुलांच्या रग्बीसाठी माउथगार्ड: घरी उकळून बसवायचा की डेंटिस्टकडून करून घ्यायचा?

भारताच्या महिला रग्बी संघाची कर्णधार राहिलेली वाहबिझ भरुचा आपल्या पुण्याचीच, हे कळल्यापासून आमच्या अकरा वर्षांच्या लेकीला रग्बीशिवाय काही सुचत नाही. दोन हंगामांत घरात तीन तऱ्हेचे माउथगार्ड (खेळताना दात वाचवायला त्यांच्यावर चढवायचं कवच) येऊन गेले. ते घ्यायचेच, यावर वाद नव्हता. मावसभाऊ न्यूझीलंडला असतो, तिथे सामन्यात १९९८ पासून ते सक्तीचेच आहेत.

दुकानातून आणून थेट तोंडात घालायचा तयार माउथगार्ड चटकन बाद झाला. तो दातांना धरत नाही, आपणच दात आवळून तो धरायचा. रग्बीत पास मागेच द्यावा लागतो, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला मागचा भिडू दिसत नाही, मागच्याने ओरडायचं असतं. लेक ओरडायच्या आधी माउथगार्ड काढून मुठीत घ्यायची. मुठीतला माउथगार्ड काय दात वाचवणार!

मग एकदम दुसरं टोक गाठलं: डेंटिस्ट. त्यांनी दातांचा साचा घेतला आणि त्यावर माउथगार्ड बनवून दिला. आम्हाला साडेतीन हजार पडले. बसला मात्र असा की काय सांगू. बोलता येतं, ओरडता येतं, न काढता पाणीही पिता येतं. मोठ्या माणसासाठी विचारत असाल तर पुढचं वाचू नका, हाच घ्या.

पण अकराव्या वर्षी तोंड म्हणजे चालू बांधकाम. साचा घेतला तेव्हाच वरचा दुधाचा सुळा हलत होता. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं, तिथे थोडी जागाही सोडली होती. दीड-दोन महिन्यांत तो पडला आणि नवा सुळा हिरडीत वरच्या बाजूला, जरा बाहेर झुकून डोकावला. नेमकी तिथेच कड रुतायला लागली. कार्टी काही बोलली नाही. मला माउथगार्ड सापडला तो किटबॅगेत, मोज्याच्या आत. विचारलं तर म्हणाली, ‘‘टोचतो.’’ साडेतीन हजारांची वस्तू मोज्यात! दोष डॉक्टरांचा नाही, दात काय विचारून येतात? पण नवा करायचा म्हणजे पुन्हा साचा, पुन्हा तेवढेच पैसे. आणि साच्याच्या त्या लगद्याने तिला पहिल्याच वेळी उमासे आले होते.

आता ती उकळत्या पाण्यात मऊ करून बसवायचा वापरते. साडेचारशेचा. पहिला मी वाया घालवला: ‘‘चाव घट्ट’’ म्हणालो, तर दाढांखाली पापुद्रा उरला. हलकेच चावायला सांगायचं, ओठांवरून बोटांनी दाबायचं आणि तिने आतून हवा ओढून घ्यायची, हे दुसऱ्या वेळी उमगलं. पाणी आणि वेळ पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा. हा जरा जाड वाटतो, ‘स’ थोडा बोबडा येतो, पण हाक ऐकू जाते. दात सरकला की पुन्हा मऊ करून बसवला. सगळे ब्रँड हे चालवून घेत नाहीत, घेताना पाकीट वाचा. आमचा दोनदा बसला, तिसऱ्यांदा फारच पातळ झाला म्हणून नवा आणला. डेंटिस्टच्या एकाच्या पैशांत असे सात येतात.

दातांना तारा असतील तर मात्र हे घरचे प्रयोग नकोत, आधी तारा लावणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि कुठलाही घेतलात तरी डोक्याला बसणारा मार तो अडवेल, या भरवशावर राहू नका. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नका, आमचा एक तिथे केळ्यासारखा वाकला.

परवा डेंटिस्टकडे नुसत्या तपासणीला गेलो होतो. वरच्या दुसऱ्या दाढा यायला अजून वर्षभर तरी आहे म्हणाले. त्या आल्या की साडेतीन हजार पुन्हा मोजेन, बहुतेक.